वार्धक्याची भाकरी

‘पेन्शनर’ हा शब्द कानी पडला की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. गळ्याभोवती मफलर, हातात काठी किंवा छत्री, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढण्याइतकी सवड आणि संध्याकाळी फिरावयास निघण्याची ठरलेली वेळ. आपण पुण्यात असा, इंदुरात असा की बडोद्यात असा, तीस-पस्तीस वर्षे कचेरीत, शाळेत किंवा रेल्वेत चाकरी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ आपल्या आळीत आहेच. त्याच्यावर आपल्याकडे विनोद पुष्कळ झाले आणि त्याने ते बहुधा हसून सोसले. आज मला बोलावयाचे आहे ते मात्र निराळ्या पेन्शनीविषयी. ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी-कापणी केली, बाजारात ओझी वाहिली, चार घरची धुणीभांडी केली आणि ज्यांच्या कष्टांची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात झाली नाही, अशा स्त्रीपुरुषांना उतारवयात सरकारकडून दरमहा एक लहानशी रक्कम मिळते. ती रक्कम आणि त्यांच्या ताटातले अन्न यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

सरकारी कागदांत या रकमेलाही निवृत्तिवेतन असेच नाव आहे. नावात थोडी गंमत आहे. जिला आयुष्यात वेतन म्हणून कधी काही मिळाले नाही, आणि जी सत्तरीतही सरपण गोळा करते, नातवंडे सांभाळते, म्हणजे जी निवृत्तही झालेली नाही, तिला हे निवृत्तिवेतन मिळते! खेड्यांत पुष्कळ ठिकाणी लोक त्याला सरळ ‘पगार’ म्हणतात. ‘निराधारचा पगार आला का?’ असे एक म्हातारी दुसरीला विचारते. मला हा शब्द अधिक चांगला वाटतो. मदत केव्हाही येते आणि केव्हाही थांबते. पगाराला तारीख असते आणि तो घेताना मान खाली घालावी लागत नाही. या तारखेचे महत्त्व किती आहे ते पुढे येईलच.

प्रथम वार्धक्यातील भुकेविषयी थोडे सांगतो. भूक म्हटली की आपल्याला दुष्काळ आठवतो, ओस पडलेली गावे आणि अन्नछत्रांपुढील रांगा आठवतात. म्हातारपणाची भूक अशी चव्हाट्यावर येत नाही. ती घरातल्या घरात, एकेक घास कमी करीत येते. आधी दूध जाते आणि चहा कोरा होतो. मग डाळ पातळ होते. भाजी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी येते. मग रात्रीचे जेवण सुटते. विचारले तर उत्तर तयार असते : ‘या वयात दोन वेळा खाऊन काय करायचे?’ किंवा ‘मला भूकच लागत नाही.’ आपल्याकडे तर त्याला धर्माचा आधारही चटकन सापडतो. एकादशी, सोमवार, गुरुवार, चातुर्मासातील एकभुक्त, ही व्रते श्रद्धेने करणारी असंख्य माणसे आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. परंतु उपवास कोठे संपतो आणि उपासमार कोठे सुरू होते, हे त्या म्हातारीच्या सुनेलाही पुष्कळदा कळत नाही. मग दारावर प्रश्नावली घेऊन आलेल्या पाहणीदाराला ते कसे कळावे?

अशा वेळी तोंडच्या उत्तरापेक्षा वजनकाटा अधिक खरे बोलतो. मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ साली देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. तीत साठीपुढील माणसांपैकी चतुर्थांशाहून अधिक माणसे उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. म्हातारपणी हालचाल कमी होते, म्हणून अन्नही थोडे कमी पुरते हे खरे. परंतु स्नायू झिजत असतात, आणि ती झीज भरून काढणारी प्रथिने, म्हणजे डाळ, दूध, अंडे, मासळी, यांची गरज काही कमी होत नाही. ती भागली नाही म्हणजे माणूस अंगणात पाय घसरून पडतो, हाड मोडते, साधा ताप महिनाभर रेंगाळतो. मृत्यूच्या दाखल्यावर मग ‘वार्धक्य’ असे कारण लिहिले जाते. भुकेचे नाव त्यात येत नाही.

आपल्या घटनाकारांना या गोष्टीचे भान होते. घटनेच्या ४१व्या अनुच्छेदात, राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व अशा प्रसंगी नागरिकांना सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तजवीज करावी, असे सांगितले आहे. ४७व्या अनुच्छेदात लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. घटनेच्या पुस्तकात या दोन अनुच्छेदांत फार तर दोन पानांचे अंतर असेल. कारभारात ते पुष्कळ वाढले. केंद्रात वृद्धांची पेन्शन ग्रामविकास मंत्रालयाकडे गेली, धान्य अन्न मंत्रालयाकडे गेले, आणि एकाच म्हातारीच्या एकाच जेवणाचे दोन भाग दोन निरनिराळ्या फायलींत पडले.

पेन्शनीची सुरुवात राज्यांनी केली. उत्तर प्रदेशाने १९५७ साली, केरळने १९६० साली आणि त्या वेळच्या मद्रास राज्याने १९६२ साली. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली आली आणि पुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना निघाली. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून यात्रेस नेणाऱ्या मुलाचे नाव सरकारने आपल्या योजनेस द्यावे, यात कल्पकता आहे. मात्र त्या कथेत श्रावण बाण लागून मरतो आणि म्हातारी माणसे तहानलेली राहतात, हे नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात होते की नाही कोण जाणे! असो. तेलंगणात या पेन्शनीला ‘आसरा’ म्हणतात, कर्नाटकात ‘संध्या सुरक्षा’ म्हणतात, ओडिशात ती मधुबाबूंच्या नावाने ओळखली जाते आणि गोव्यात दयानंद बांदोडकरांच्या. नावे निराळी, रकमा निराळ्या.

केंद्र सरकार या कामात उतरले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या निराधार व्यक्तीस दरमहा ७५ रुपये. दिवसाचे अडीच रुपये झाले. शिवाय अट अशी की, अर्जदाराला स्वतःचे उत्पन्न तर नसावेच, पण घरच्यांचाही नियमित आधार नसावा. म्हणजे मुलगा असणे हे पुष्कळदा अपात्रतेचे कारण ठरे. तो मुलगा सांभाळतो की नाही, हा प्रश्न पुढचा. आईने कचेरीत जाऊन ‘माझा मुलगा मला पाहत नाही’ असे चारचौघांत सांगावे, तेव्हा तिला अडीच रुपये मिळणार. कित्येक जणींनी ते सांगितले नाही. २००७ साली योजनेचे नाव बदलून इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना असे झाले आणि ती दारिद्र्यरेषेखालील सर्व वृद्धांना लागू झाली. २०११ साली वयाची अट साठीवर आली. ही सुधारणा मोठी होती.

मधल्या काळात, २००० साली, ‘अन्नपूर्णा’ नावाची एक योजना निघाली. आज ती फारशी कोणाच्या स्मरणात नाही, पण तिच्यामागचा विचार पाहण्यासारखा आहे. पेन्शनीस पात्र असूनही ज्यांना पेन्शन मिळत नाही, अशा वृद्धांना दरमहा दहा किलो धान्य विनामूल्य द्यावे, अशी ती योजना. पेन्शन नाही तर धान्य घ्या, असा तो हिशेब होता. पैसा आणि धान्य एकमेकांच्या जागी चालतात, असे त्यात गृहीत धरले होते. मला हे गृहीतच मान्य नाही.

धान्य म्हणजे जेवण नव्हे, ही गोष्ट सरकारी कचेरीत बसून कळत नाही, चुलीपाशी बसल्यावर कळते. गहू किंवा ज्वारी दळून आणावी लागते आणि गिरणीवाला दळणाचे पैसे रोख मागतो. चूल पेटवावयास सरपण किंवा गॅस हवा. मीठ, मिरची, तेल हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याचे दात गेले आहेत त्याला कोरडी भाकरी चावत नाही. ती कुस्करावयास वरण लागते, ताक लागते, दूध लागते. शिधावाटप दुकानातून आणलेले धान्य घरात आहे आणि तरीही म्हातारा अर्धपोटी आहे, याचे रहस्य येथे आहे. २०१३ सालच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दर माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो मिळतात. आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. हे काम खरोखर मोलाचे आहे. पण पाच किलोंचा हिशेब करून पाहा. दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य पडते. त्यातून सहाशेच्या आत उष्मांक आणि बारा-पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हाताऱ्या माणसालाही दिवसाकाठी दीड हजारांच्या वर उष्मांक लागतात. म्हणजे जेवणाचा तिसरा हिस्सा काय तो सरकारी दुकानातून येतो. उरलेले दोन हिस्से, आणि त्यातही डाळ-दुधाचा भाग, रोख पैशानेच यावयाचा असतो. पेन्शन ही अन्नाची योजना आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

असे म्हणणारा मी पहिला नव्हे. २००१ साली राजस्थानात दुष्काळ असताना सरकारी गुदामांत धान्य पडून होते आणि माणसे उपाशी होती. त्या वेळी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. खटला भुकेचा होता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने जो अंतरिम आदेश दिला, त्यात शाळेतील दुपारचे जेवण होते, अंगणवाडी होती, अंत्योदय होते, अन्नपूर्णाही होती. आणि याच यादीत वृद्धांची राष्ट्रीय पेन्शन होती. ती प्रत्येक महिन्याच्या सात तारखेपर्यंत पोचती करावी, असे न्यायालयाने सांगितले. देशातील सर्वांत मोठ्या न्यायपीठाने पेन्शनीच्या तारखेची चिंता करावी, हे वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. माझ्या मते त्या आदेशातील अत्यंत जाणती अशी ओळ हीच होती.

का, ते गावातल्या वाण्याच्या वहीत पाहावयास मिळते. गरीब माणूस महिन्याचा किराणा एकदम भरीत नाही. तो चार आण्यांची साखर आणि आठ आण्यांचे तेल आणीत असे तो काळ गेला, पण रीत गेली नाही. आज पाच-दहा रुपयांच्या पुड्या आणल्या जातात आणि पुष्कळदा उधार आणल्या जातात. वाणी उधारी देतो ती माणसाची दया येऊन नव्हे. पैसे कधी येणार हे त्याला ठाऊक असते म्हणून देतो. सात तारखेला पेन्शन येणार हे पक्के असेल, तर महिन्याच्या वीस तारखेलाही म्हातारीला पावशेर डाळ मिळते. म्हणजे पेन्शन हाती येण्यापूर्वीच तिने दोन आठवडे पोट भरलेले असते. उलट, पेन्शन कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी येऊ लागली की वाणी वही मिटतो. मग चार महिन्यांची रक्कम एकदम आली तरी तिचे अन्न होत नाही. तिच्यातून जुने देणे फिटते, औषधे येतात, घरावरचा पत्रा बदलला जातो, एखादे वेळी नातीच्या लग्नाला हातभार लागतो. ही सर्व कामे योग्यच आहेत. पण मागच्या तीन महिन्यांत जे जेवण झाले नाही, ते आता होऊ शकत नाही. हिशेबतपासनीसाच्या दृष्टीने वर्षाची रक्कम पूर्ण पोचलेली असते. कागदावर शून्य बाकी दिसते.

काही राज्यांनी हे ओळखले. ओडिशात अनेक वर्षे दर महिन्याच्या पंधरा तारखेला पंचायतीच्या ठिकाणी पेन्शनीचे रोख वाटप होत असे; त्या दिवशी गावात बाजारासारखी वर्दळ. आंध्र प्रदेशात पहिल्या तारखेस घरपोच पेन्शन देण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रात रक्कम बँकेच्या किंवा टपाल खात्याच्या खात्यात जमा होते. मध्ये कोणाचा हात राहिला नाही, हा त्याचा गुण. मात्र पैसे जमा झाले की नाही हे पाहण्यासाठीच म्हातारा दोन-तीनदा तालुक्याला जातो, हा त्याचा दोष. पंचाहत्तरीपुढील प्रवाशांना २०२२ च्या ऑगस्टपासून एस.टी. मोफत झाली, म्हणून भाड्याचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला. उन्हाचा सुटला नाही. त्याखेरीज दरवर्षी हयातीचा दाखला द्यावयाचा, उत्पन्नाचा दाखला काढावयाचा. आणि बोटांचे ठसे! जन्मभर खुरपे, कोयता किंवा घमेले धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र त्या ओळखत नाही. धान्याच्या दुकानातही तेच यंत्र, पैसे देणाऱ्या बँकमित्राकडेही तेच. ज्या कष्टांमुळे माणूस या मदतीस पात्र झाला, त्या कष्टांनीच त्याची ओळख पुसावी, असा हा विचित्र प्रकार आहे. नियमांत पर्यायी व्यवस्था आहेत. त्या दुकानदाराला आठवल्या तर उपयोगी पडतात.

आता एक आक्षेप ऐकू येतो, त्याचा विचार केला पाहिजे. म्हाताऱ्यांच्या हाती पैसे दिले तर ते मुलगा काढून घेतो, दारूत घालवतो. त्यापेक्षा धान्यच बरे, असे पुष्कळ भले लोक म्हणतात. असे घडत नाही असे मी म्हणणार नाही. परंतु २०१३ साली ज्याँ द्रेझ आणि त्यांचे सहकारी यांनी दहा राज्यांत, महाराष्ट्र धरून, विद्यार्थी कार्यकर्त्यांकडून सार्वजनिक योजनांची पाहणी करविली. तीत असे दिसले की पेन्शनीत गळती अल्प आहे, आणि पैसा प्रामुख्याने अन्न आणि औषधे यांवर खर्च होतो. घरात जे होते ते असे की, रक्कम घरखर्चात मिसळते, पण मिसळताना म्हाताऱ्या माणसाचे स्थान बदलते. काही आणणारे माणूस आणि बसून खाणारे माणूस यांना एकाच घरात एकाच भावाने वाढले जात नाही, हे कटू असले तरी खरे आहे. महिन्याकाठी थोडे का होईना आणणाऱ्या सासूच्या वाटीत वरण पडताना पळी थोडी खोल जाते.

हे पैसे पुढे कोणाच्या पोटात जातात, याचा फार बारकाईने शोध दक्षिण आफ्रिकेत घेतला गेला. तेथे गोऱ्यांना वृद्धापकाळाची पेन्शन १९२८ पासून होती. आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या लोकांना ती १९४४ साली मिळू लागली, आणि तीही कमी दराने. रकमेतील वर्णभेद संपला तो १९९३ मध्ये. तेव्हा लाखो कृष्णवर्णी म्हाताऱ्यांच्या हाती एकाएकी बरी रक्कम येऊ लागली. पुढे ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्या अर्थशास्त्रज्ञ एस्तेर द्युफ्लो यांनी त्या काळची आकडेवारी तपासली. ज्या घरात पेन्शन आजीच्या हाती येत होती, त्या घरातील लहान नातींचे वजन सुधारलेले त्यांना दिसले. आजोबांच्या हाती येत होती तेथे तसा काही परिणाम आढळला नाही! आजोबा मंडळींनी रागावू नये. हा तेथील आकड्यांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु एवढे खरे की म्हातारी क्वचितच एकटी जेवते.

मराठवाड्यात याचे चांगले प्रत्यंतर येते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला हजारो जोडपी बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. मागे गावात राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्ची पडलेली असते. अशा घरात त्या पाच-सहा महिन्यांत नियमाने येणारी रोख रक्कम म्हणजे आजीची किंवा आजोबांची पेन्शन. वृद्धांसाठी म्हणून दिलेल्या त्या रकमेतून चौथीतल्या मुलाचे दूध आणि वहीही येते. तेव्हा ती रक्कम एका माणसासाठी पुरेशी आहे काय, हा प्रश्नही थोडा अपुराच आहे.

आणि ती पुरेशी तरी कोठे आहे? केंद्राने आपला वाटा २००६ साली दरमहा २०० रुपये केला. ऐंशीपुढील वृद्धांसाठी तो २०११ साली ५०० रुपये झाला. साठ ते एकोणऐंशी या वयातील माणसांचे ते २०० रुपये २०२५ साल उजाडेपर्यंत तसेच होते. मधल्या काळात किमती दुपटीहून पुष्कळ अधिक झाल्या. नोकरदारांच्या महागाई भत्त्यात वर्षातून दोनदा वाढ होत आली. दोनशे रुपये म्हणजे दिवसाचे पावणेसात रुपयेही नव्हेत. एक किलो तूरडाळ घेतली की त्यातली निम्मीशिम्मी रक्कम संपते. डिसेंबर २०१७ मध्ये साठ अर्थशास्त्रज्ञांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून हा वाटा निदान ५०० करावा अशी विनंती केली होती. त्याआधी २०१२ मध्ये अरुणा रॉय आणि पुण्याचे बाबा आढाव यांनी पुढाकार घेतलेल्या पेन्शन परिषदेने दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली म्हातारी माणसे तेथे रस्त्यावर बसली होती. मागणी अशी की पेन्शन किमान वेतनाच्या निम्मी तरी असावी आणि ती महागाईशी जोडावी. मला त्यातील दुसरा भाग पहिल्याहूनही महत्त्वाचा वाटतो. महागाईशी न जोडलेली पेन्शन कोणी कमी करीत नाही; ती आपोआप कमी होते, आणि तिच्या कमी होण्यावर कोणत्याही विधिमंडळात मतदान होत नाही.

केंद्राने हात आखडला म्हणून भार राज्यांवर पडला आणि राज्याराज्यांत अंतर वाढले. महाराष्ट्राने ६०० रुपयांवरून २०१९ साली १०००, आणि जुलै २०२३ पासून १५०० रुपये केले. आंध्रने २०२४ साली ४००० रुपये केले. श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येक जण महाराष्ट्राबाहेर राहतात. एकाच भाषेची, एकाच ओव्या म्हणणारी दोन म्हातारी माणसे राज्याच्या सीमेच्या दोन बाजूंना राहतात म्हणून त्यांच्या वरणाचा दाटपणा निराळा असावा, ही गोष्ट आपल्याला कळावयास वेळ लागू नये. शिवाय धान्याची शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते. राज्याची पेन्शन मात्र सीमा ओलांडीत नाही. म्हातारपणी मुलाकडे सुरतेस किंवा हैदराबादेस राहावयास गेलेल्या आईचे धान्य तिच्या मागोमाग येते आणि पैसे मागे राहतात.

शेवटी एक गोष्ट अशी आहे की जी पेन्शन कितीही वाढली तरी होणार नाही. पेन्शन स्वयंपाक करीत नाही. डोळ्यांना दिसेनासे झाले, हात कापू लागले, चुलीपुढे बसवेनासे झाले की घरात पैसे आणि धान्य दोन्ही असूनही माणूस चहात पाव बुडवून दिवस काढतो. पुण्यात हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ ही स्वस्त जेवणाची केंद्रे चालविली, ती मुख्यतः कष्टकऱ्यांसाठी. पण अशा ठिकाणी म्हातारी माणसेही येऊन जेवतात. महाराष्ट्र सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. ही केंद्रे बव्हंशी शहरांत, बसस्थानकांपाशी आणि रुग्णालयांपाशी निघाली. खेड्यातल्या म्हाताऱ्याला तेथवर चालत जाणे शक्य नव्हते.

याबाबत तामिळनाडूची रीत मला फार पसंत आहे. तेथे १९८२ साली शाळकरी मुलांसाठी दुपारच्या जेवणाची मोठी योजना सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी पेन्शन घेणाऱ्या वृद्धांनाही तिच्यात जागा देण्यात आली. नवे स्वयंपाकघर बांधावे लागले नाही, नवे खाते निघाले नाही. जे पातेले मुलांसाठी चढत होते, त्यातच चार मुठी अधिक तांदूळ पडला. आपल्याकडेही जवळजवळ प्रत्येक गावात शाळा आहे आणि तिच्यात दुपारी खिचडी शिजते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा विधेयक २०११ साली संसदेपुढे आले, तेव्हा निराधार व्यक्तींना दिवसातून एक वेळचे शिजवलेले जेवण विनामूल्य देण्याचे कलम त्यात होते. २०१३ साली कायदा झाला, तेव्हा ते कलम राहिले नाही. मात्र कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, अन्नसुरक्षेसाठी सरकारांनी हळूहळू ज्या गोष्टी साध्य कराव्यात त्यांच्या यादीत, पिण्याचे पाणी आणि आरोग्यसेवा यांच्या पाठोपाठ, ज्येष्ठ नागरिक, अपंग आणि एकट्या स्त्रिया यांना पुरेशी पेन्शन, असे शब्द आहेत. ते शब्द अजून तेथे आहेत. ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे त्या अनुसूचीत लिहिलेले नाही.